रिपोर्ट यायचाय, नोकरीचं कळत नाहीये: अशा दिवसांत विश्वासाने धीर कसा धरायचा, पायरीपायरीने

सध्या बऱ्याच घरांत कसली ना कसली वाट बघणं चालू आहे. कुणाचा बायॉप्सीचा रिपोर्ट, कुणाच्या कंपनीत कपातीची यादी निघणार आहे, कुणाच्या मुलाचा व्हिसा अडकलाय, कुणाची कोर्टात पुढची तारीख. आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांना एकच सांगितलं जातं, विश्वास ठेव, घाबरू नको. सांगणाऱ्याचं मन चांगलंच असतं, पण विश्वास ठेवायचा म्हणजे मंगळवारी सकाळी सातला उठून नेमकं काय करायचं हे कुणीच सांगत नाही, मग माणूस व्हॉट्सॲपवर बायबलमधली वचनं फॉरवर्ड करत बसतो आणि आतून पोखरला जातो.

माझं स्वतःचं हे चुकलेलं आहे म्हणून लिहितोय. बायकोच्या गाठीची तपासणी झाली, रिपोर्टला ९ दिवस लागणार होते, आणि मी पहिल्याच संध्याकाळी तिला म्हणालो, "काही होणार नाही, तू फक्त विश्वास ठेव." त्यानंतर ती माझ्याशी त्या विषयावर बोललीच नाही. मला वाटलं तिला धीर आला. खरं म्हणजे घाबरायची परवानगीच मी काढून घेतली होती, आणि पाचव्या रात्री ती एकटी स्वयंपाकघरात बसलेली दिसली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पुढे आम्ही दोघं जे एकेक करून शिकलो ते खाली क्रमाने देतोय. क्रम महत्त्वाचा आहे हे आत्ताच सांगतो, कारण बहुतेक जण तिसऱ्या पायरीपासून सुरू करतात आणि मग वचन लागू पडत नाही म्हणून खचतात.

आधीची तयारी

फार काही लागत नाही. छापील बायबल, म्हणजे पुस्तक, फोनमधलं नको, कारण फोन उघडला की आधी मेल बघितला जातो. एक साधी वही. रोजची एक ठरलेली जागा आणि २० मिनिटं, शक्यतो सकाळची. ज्यांच्या घरी जागाच नाही, वन रूम किचनमध्ये ६ माणसं आहेत, त्यांनी गच्ची, जिना, नाहीतर ऑफिसला जायच्या आधी चर्चचं आवार चालेल. कॅथलिक असाल आणि सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात असाल तर मिस्सा संपल्यावर तिथेच बाकावर बसून राहा.

दोन गोष्टी आधी बंद करा. एक म्हणजे रात्री नऊनंतर इंटरनेटवर आजाराची लक्षणं शोधणं किंवा कंपनीच्या ग्रुपवर अफवा वाचणं. दुसरी म्हणजे प्रत्येक भेटणाऱ्याला पूर्ण हकीकत सांगणं, त्याने ओझं कमी होत नाही, दहा जणांचे दहा सल्ले अंगावर येतात.

१. भीतीला नाव द्या, वहीत

"टेन्शन आहे" असं लिहून चालणार नाही. कशाची भीती आहे ते पूर्ण वाक्यात लिहा. आमच्या वहीत पहिल्या दिवशी नुसतं "रिपोर्ट" लिहिलं होतं, दुसऱ्यांदा लिहायला बसलो तेव्हा बायकोने लिहिलं, "केस जातील आणि मुलगी मला बघून घाबरेल." मला हे सुचलंच नसतं. माझी भीती वेगळीच होती, पैशाची, आणि ती लिहायची मला लाज वाटत होती. नोकरीची धास्ती असलेल्या एका मित्राने लिहिलं की नोकरी गेली तर सासऱ्यांना काय सांगू. म्हणजे खरी भीती बऱ्याचदा पगाराच्या मागे कुठेतरी असते.

प्रत्येक वाक्यासमोर एक खूण करा: हे माझ्या हातात आहे, थोडंफार हातात आहे, की अजिबात नाही. ही यादी पाचव्या पायरीला लागणार आहे, फाडू नका.

*तपासून बघा:* लिहिलेलं वाक्य दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवताना आवाज अडखळला तर ते खरं वाक्य आहे. अगदी सहज वाचता आलं तर अजून एकदा लिहा.

२. देवापुढे तक्रार करा, स्तुतीच्या आधी

ही पायरी आपले लोक गाळतात. लहानपणापासून शिकवलेलं असतं की प्रार्थना आभाराने सुरू करावी, आणि ते चांगलंच आहे, पण घशाशी आलेलं असताना तोंडाने आभार आणि पोटात गोळा अशी प्रार्थना दोन मिनिटांत आटपते.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ उघडा. ६ वचनांचं आहे, अगदी लहान. पहिल्या दोन वचनांत देवालाच विचारलंय की कुठवर, मला विसरलास का, तोंड का लपवतोस. पुढच्या दोनात मागणी आहे, माझ्याकडे बघ, मला उत्तर दे. आणि शेवटच्या दोनात भरवसा आणि गाणं. तक्रार, मागणी, भरवसा, असा तो क्रम आहे, आणि आपण एकदम पाचव्या वचनावर उडी मारतो. तसं करू नका. पहिल्या दिवशी फक्त पहिली दोन वचनं म्हणा, आणि त्यातल्या "मी"च्या जागी वहीतलं आपलं वाक्य घाला. "प्रभू, कुठवर? मुलगी मला बघून घाबरेल या विचाराने मी झोपत नाही, तू बघतोयस ना?" असं. मोठ्याने. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागणीपर्यंत जा. भरवशाची वचनं आतून येईपर्यंत नुसती वाचली तरी चालतील, ती आपली आहेत असं भासवू नका.

१३ वं नको वाटलं तर प्रसंग बघून दुसरं घ्या. जवळच्याच माणसाने दगा दिला असेल, भागीदाराने, भावाने, तर ५५ वं. आपलं कुणीच नाही असं वाटत असेल तर १४२ वं. आणि सगळाच अंधार असेल तर ८८ वं, ते शेवटपर्यंत उजळतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, काढून टाकलेलं नाही. मला या एका गोष्टीने जितका आधार दिला तितका कुठल्याच पोस्टरवरच्या वचनाने दिला नाही.

*सावध:* कुणी म्हणेल की भीती तोंडाने बोललीस तर ती खरी होते, कबुली फक्त चांगलीच द्यायची. मग क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने काय केलं ते मार्कच्या १४ व्या अध्यायात वाचा. माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय असं त्याने शिष्यांना उघड सांगितलं, आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर असं बापाकडे मागितलं. तो बोलला, तर तुम्हालाही बोलता येईल.

३. वचन ऐका, पण आजूबाजूच्या वचनांसकट

आता वचनाकडे. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच ओळ उचलून तिला आपल्या तारखेशी बांधणं. यिर्मया २९:११ घ्या, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, भावी काळाची आशा देणारे, हे वचन किती घरांत फ्रेम करून लावलेलं आहे. आता त्याच्या अगदी वरचं १० वं वचन वाचा. तिथे ७० वर्षं लिहिलंय. बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना ते पत्र आहे, आणि ५ व्या, ६ व्या वचनांत त्यांना सांगितलंय की घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, मुलं होऊ द्या. म्हणजे लवकर सुटका होणार नाहीये, तिथेच जगायला लागा, आणि मी तिथेही तुमच्या हिताचाच विचार करतोय. मला तरी हे फ्रेममधल्या एका ओळीपेक्षा जास्त धीर देतं, कारण माझी वाट बघणं लांबलं तरी वचन मोडत नाही.

त्याच्याच आधीचा २८ वा अध्यायही वाचा. हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं ठीक होणार. लोकांना हेच ऐकायचं होतं. आणि यिर्मया त्याला तोंडावर सांगतो की तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलंस. आज कुणी तुम्हाला फोनवर म्हणालं की ४० दिवसांत व्हिसा येणार, प्रभूने मला दाखवलंय, तर रागावू नका, वाद घालू नका, पण त्या तारखेवर घर उभं करू नका. आणि त्या भाकितासोबत पैसे मागितले, बी पेरा म्हणून, तर सरळ फोन ठेवा.

करायचं कसं: आठवड्याला एकच उतारा. रोज तोच. वर-खाली दहा वचनं वाचायची, हे कुणाला सांगितलं, ते कुठल्या अडचणीत होते, देवाने नेमकं काय कबूल केलं आणि काय केलं नाही, हे वहीत चार ओळींत. शेवटचा प्रश्न सोडू नका. मी तुझ्याबरोबर असेन हे कबूल केलेलं सापडतं, यहोशवाच्या पहिल्या अध्यायात, रोमकरांस ८ मध्ये. रिपोर्ट नॉर्मल येईल असं कुठे सापडत नाही.

*तपासून बघा:* तुम्ही ज्या वचनाला धरून बसलाय, निकाल उलटा लागला तरी ते खरं राहील का? राहणार नसेल तर तुम्ही त्याचा अर्थ चुकीचा लावलाय, परत वाचा.

४. खा, झोपा, मग पुढचं

ही पायरी छोटी आहे पण चुकली तर वरच्या तिन्ही वाया जातात. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो की आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, दुसऱ्यांदा उठवून परत खायला घातलं. होरेब डोंगरापर्यंतचा ४० दिवसांचा प्रवास आणि देवाशी बोलणं त्याच्यानंतर.

म्हणून धास्तीच्या दिवसांत लांबलचक उपास-प्रार्थना एकदम सुरू करू नका, शुगर-बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. दोन वेळचं जेवण ठरल्या वेळी, भूक नसली तरी वरणभात. संध्याकाळी अर्धा तास चालणं.

*सावध, आणि हे नीट वाचा:* दोन-दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, किंवा जगणं नको असे विचार येतायत, तर हे विश्वास कमी असल्याचं लक्षण समजू नका. डॉक्टरकडे जा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ नंबरवर २४ तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरातल्या कुणाची गोळी चालू असेल तर प्रार्थनेने बरं वाटतंय म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, करू देऊ नका.

५. खोली मोजा, नांगर टाका

आता हाताला काम. प्रेषितांची कृत्ये २७ वा अध्याय सावकाश वाचा, सगळा. प्रेषित पौल कैदी आहे, जहाजावर २७६ माणसं आहेत, कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. देवाचा दूत रात्री येऊन पौलाला सांगतो की एकाचाही जीव जाणार नाही, फक्त जहाज जाईल. म्हणजे वचन मिळालेलं आहे. आणि त्यानंतर काय होतं बघा. चौदाव्या रात्री खलाशी दोरी सोडून पाण्याची खोली मोजतात, २० वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप) भरते, थोडं पुढे परत मोजतात तर १५ वाव. खडकावर आपटू नये म्हणून मागच्या बाजूने ४ नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघतात. काही खलाशी पुढून नांगर टाकायचं निमित्त करून होडीतून पळायला बघतात, तेव्हा पौलच शिपायांना सांगतो की हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. देवाने वाचवायचं कबूल केलंय म्हणून खलाशांची गरज संपली असं त्याने म्हटलं नाही. मग पहाटे तो सगळ्यांना म्हणतो, १४ दिवस तुम्ही काही खाल्लेलं नाही, खाऊन घ्या, आणि सगळ्यांसमोर देवाचे आभार मानून भाकर मोडतो.

आता पहिल्या पायरीची यादी काढा. "अजिबात हातात नाही" अशी खूण असलेल्या ओळी रोज प्रार्थनेत देवाच्या हातात द्यायच्या, त्यांच्यावर काम करायचं नाही. बाकीच्यांचं असं करा.

खोली मोजा, म्हणजे आकडे काढा. नोकरीची धास्ती असेल तर पगार थांबला तर घर किती महिने चालेल ते वहीत लिहा, हप्ते, भाडं, शाळेची फी, किराणा, सगळं. आकडा वाईट निघेल म्हणून लोक काढतच नाहीत आणि मग रात्रभर बिनआकड्याची भीती वाटत राहते. आमचा आकडा साडेतीन महिने निघाला होता, फार नव्हता, पण त्या रात्री मी झोपलो. आजारपण असेल तर विमा किती, कशाला लागू, कोणत्या योजनेत बसतं, कागद कुठे आहेत. महिन्याभराने परत मोजा, खलाशांनी दोनदा मोजलं होतं.

मग ४ नांगर निवडा, चारच. रोज किंवा दर आठवड्याला करायच्या चार ठरलेल्या गोष्टी, वादळ असलं तरी न चुकणाऱ्या. आमच्या होत्या: सकाळची २० मिनिटं, मुलीला शाळेत सोडणं, रात्री एकत्र जेवून कुटुंब प्रार्थना, आणि रविवारची उपासना. तुमच्या वेगळ्या असतील. दहा ठरवू नका, तिसऱ्या दिवशी सगळ्याच सुटतील.

मग "थोडंफार हातात" असलेल्या ओळींतून आजचं एक काम. बायोडेटा नीट करणं, दुसऱ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट, वकिलाला फोन. एकच, पण आज. नहेम्याने ४:९ मध्ये प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला, दोन्ही एकाच वाक्यात आहे. पहारा बसवला म्हणून प्रार्थना कमी पडली असं कुणी त्याला म्हणालं नाही.

*तपासून बघा:* रात्री वहीत आजच्या कामापुढे टिक झाली का. सलग तीन दिवस झाली नसेल तर काम मोठं आहे, त्याचे तुकडे करा.

६. तीन माणसं बोलवा

येशूने गेथशेमानेत पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतलं, इथे थांबा आणि जागे राहा म्हणाला. माणसं सोबत हवीत असं त्यालाही वाटलं. आणि ती तिघं झोपली, तीनदा, हेही लक्षात ठेवा, कारण तुमची माणसंही कधीतरी झोपतील, फोन उचलणार नाहीत, वाढदिवसाच्या गडबडीत विसरतील. म्हणून एकावर सगळं टाकू नका, दोन-तीन जण ठेवा.

निवडताना मोठं नाव बघू नका. मागे तुम्ही सांगितलेली गोष्ट ज्यांनी बाहेर नेली नाही ते निवडा. पाळक किंवा फादर त्यात असले तर चांगलंच, पण आमच्या बाबतीत एक शेजारच्या मावशी होत्या, त्या प्रार्थना फार लांब करायच्याच नाहीत, डबा ठेवायच्या, डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यं म्हणायच्या आणि जायच्या.

मागताना नेमकं मागा. "प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हटलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी सांगा, "शुक्रवारी अकराला रिपोर्ट आहे, तू बरोबर येशील का, काही बोलू नकोस, फक्त बस." आणि घरातल्या आई-वडिलांना, मुलांना किती सांगायचं ते नवरा-बायकोने आधी ठरवून घ्या, एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरं सांगितलं की घरात भलताच गोंधळ होतो. मुलांना खोटं सांगू नका, थोडं सांगा, पण खरं सांगा.

तुम्ही या तिघांपैकी एक असाल तर वचन पाठवायच्या आधी विचारा की आज जेवलीस का.

७. रात्रीचे तीन

सगळं करूनसुद्धा रात्री तीनला जाग येणार आहे. त्यासाठी आधीच ठरवून ठेवा, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. स्तोत्र ७७ मध्ये स्तोत्र लिहिणारा देवाला म्हणतोच की तू माझे डोळे मिटू देत नाहीस, म्हणजे हे जुनं दुखणं आहे. फोन दुसऱ्या खोलीत. उशाला वही. नवीन विचार आला तर एका ओळीत लिहून टाका, सकाळी बघू म्हणून. मग पाठ असलेलं काहीतरी हळू म्हणा, १२१ वं स्तोत्र ८ वचनांचं आहे, पाठ करायला सोपं, त्यात तुझा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही असं आहे, म्हणजे दोघांनी जागं राहायचं कारण नाही. पाठांतर होत नसेल तर एखादं गीत गुणगुणा, ना. वा. टिळकांचं, आईने म्हटलेलं, जे तोंडात आहे ते. कॅथलिक घरात रोझरी, म्हणजे जपमाळ, हातात असेलच. आणि काहीच सुचलं नाही तर मार्क ९:२४ मधल्या, आजारी मुलाला येशूकडे आणलेल्या बापाची प्रार्थना पुरेशी आहे, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक.

*सावध:* रात्री तीनला कुठलाही निर्णय घेऊ नका. राजीनामा, घर विकणं, भावाला मेसेज, काहीच नाही.

निकालाच्या दिवशी

आदल्या संध्याकाळी दानीएल ३ वाचा, १७ आणि १८ दोन्ही वचनं. मूर्तीला नमन केलं नाही म्हणून भट्टीत टाकायची धमकी मिळालेले तिघे तरुण राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि लगेच पुढे, पण त्याने सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. हे १८ वं वचन स्वतःच्या शब्दांत वहीत लिहून ठेवा. "रिपोर्ट वाईट आला तरी मी..." आणि पुढचं तुम्ही भरा. आम्हाला ही एक ओळ लिहायला पाऊण तास लागला.

सकाळी नाश्ता करून निघा. जाताना वही घ्या, कारण डॉक्टर किंवा एचआर काय बोलले ते नंतर आठवत नाही, लिहून घ्या, नाहीतर बरोबरच्या माणसाला लिहायला सांगा. निकाल चांगला आला तर ज्या तिघांना सांगितलं होतं त्यांना त्याच दिवशी कळवा, ते अजून जागे असतात. पण रविवारी साक्ष देताना एक भान ठेवा, समोर बाकावर कुणीतरी असं असतं ज्याचा निकाल उलटा लागलाय, त्यामुळे आमचा विश्वास होता म्हणून झालं असं म्हणू नका.

निकाल वाईट आला तर त्या दिवशी फक्त घरी या, जेवा, दोघं रडा, तिघांपैकी एकाला बोलवा. पुढचे निर्णय दोन दिवसांनी, डॉक्टरांनी घाई सांगितली असेल तर तेवढं सोडून. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वहीचं नवीन पान काढा, तारीख घाला आणि पहिल्या पायरीपासून परत, कारण भीतीचं वाक्य आता बदललेलं असतं. आमचंही बदललं होतं. उपचार आठ महिने चालले आणि त्या काळात ते वाक्य चार वेळा नव्याने लिहावं लागलं, शेवटचं मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलं, तिला तेव्हा नुकतं जोडाक्षर जमायला लागलं होतं.